फोन कलवून खेळायचा गेम: मणी थरथरतो, भलतीकडे पळतो, त्यावर काय करायचं

प्रश्न: दादा, मी तासगावची. सांगलीत बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लॅटफॉर्म गेम करतेय. द्राक्षाचा एक मणी मांडवाच्या तारांवरून, बांधावरून, बेदाण्याच्या शेडवरून घरंगळत जातो. फोन डावीकडे-उजवीकडे कलवला की मणी तिकडे जातो आणि स्क्रीनवर बोट टेकवलं की उडी मारतो. लॅपटॉपवर कीबोर्डने मस्त चालतो. फोनवर घेतला की मणी उभ्या जागी थरथरतो, उडी मारताना भलतीकडे जातो. मैत्रीण पलंगावर आडवी होऊन खेळायला लागली तर एकाच बाजूला पळत सुटतो. भावाच्या फोनवर तर अख्खा गेम सुस्त वाटतो. आमचे गाईड म्हणतात, कलवणं काढून टाक आणि बटणं दे. काय करू?

उत्तर: बटणं दे, पण कलवणं काढू नकोस. मणी घरंगळण्याचा गेम आहे तुझा. हातातला फोन तिरका केला आणि मणी घसरला, ही मजा बटणात येत नाही. मी सांगलीत बसून बरीच वर्षं फोनचे गेम करतोय. त्यात कलवण्याचे गेम अर्ध्यावर सोडलेली खूप मुलं बघितली, आणि जवळजवळ सगळ्यांची अडचण एकाच ठिकाणी होती. कीबोर्डला स्वतःचा शून्य असतो: बोट उचललं की शून्य. कलवण्याला तसा शून्य नसतोच. खेळणारा कसा बसलाय, कुठे टेकलाय, फोन कसा धरलाय, यावर तो ठरतो. म्हणजे शून्य खेळाडूच्या हातात असतो, आणि आपण मात्र तो टेबलावर सपाट ठेवलेल्या फोनवरून ठरवून टाकतो. तू सांगितलेल्या तक्रारींत काही निव्वळ आकडेमोडीच्या आहेत, त्या आधी मिटवू. शून्याचं नंतर सविस्तर सांगतो.

सुरुवातीला सेन्सर नेमकं काय मोजतो ते पक्कं करून घे. फोनमधल्या ॲक्सेलरोमीटरमध्ये सिलिकॉनचं अगदी बारीक वजन तितक्याच बारीक स्प्रिंगांवर टांगलेलं असतं. ते सरकलं की शेजारच्या पट्ट्यांमधली कपॅसिटन्स बदलते आणि त्यावरून त्वरण कळतं. फोन स्थिर असला तरी गुरुत्वामुळे एका दिशेला ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे १ जी, दिसत राहतं. हे १ जी कुठल्या अक्षावर किती वाटलं गेलंय, त्यावरून कल काढायचा. याचे दोन परिणाम आहेत. एक, फोन हलला, आपटला किंवा बस वळली तर ते त्वरणही त्याच आकड्यात मिसळतं आणि सेन्सरला फरक कळत नाही. दोन, टेबलावर सपाट ठेवलेला फोन जागच्या जागी गोल फिरवला तर ॲक्सेलरोमीटरला काहीच कळत नाही, कारण गुरुत्वाची दिशा बदललेलीच नाही. त्यासाठी जायरोस्कोप लागतो. तो फिरण्याचा वेग मोजतो, पण स्वस्त फोनमध्ये तो असेलच असं नाही. म्हणून पाया ॲक्सेलरोमीटरवरच घाल आणि जायरो मिळाला तर वरचा फायदा समज.

आता थरथर. ती दोन ठिकाणांहून येते: सेन्सरचा स्वतःचा गोंगाट आणि माणसाच्या हाताचा कंप. निरोगी हातही साधारण ८ ते १२ हर्ट्झने बारीक कापत असतो, ते कुणाला थांबवता येत नाही. ०.०१ जी एवढी चुळबुळ झाली तरी कोनात अर्ध्या अंशाहून जास्त फरक पडतो आणि मणी हलताना डोळ्याला दिसतो. यावर साधा लो-पास फिल्टर लाव: दर फ्रेमला (पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक चित्राला) जुन्या किमतीत, नवी आणि जुनी यांच्यातल्या फरकाचा ठरावीक हिस्सा मिळवायचा. हा हिस्सा किती, इथेच बहुतेक मुलं फसतात. हा हिस्सा मिळवणाऱ्या लर्प नावाच्या फंक्शनमध्ये ०.१ टाकतात आणि पुढे जातात. तूही तेच केलं असशील असं मला वाटतं, कारण भावाच्या फोनची सुस्ती त्याच्याशी तंतोतंत जुळते.

हिशोब बघ. सेकंदाला ६० फ्रेमवर दर फ्रेमला दहावा हिस्सा घेतला तर फिल्टरचा कालांक, म्हणजे नव्या किमतीच्या साधारण दोन-तृतीयांशापर्यंत पोचायला लागणारा वेळ, सुमारे १६० मिलिसेकंद येतो. तोच ०.१ तीस फ्रेमवर दुप्पट होतो, ३२० मिलिसेकंद. हात वळवल्यावर मणी पाव-अर्धा सेकंद विचार करत बसणार, तो गेम सुस्तच वाटणार. आणि मोबाइलवर फ्रेम रेट सांगितला नाही तर युनिटी साधारण ३० च धरते, हेही ध्यानात ठेव. म्हणून हिस्सा ठरीव ठेवायचा नाही. तो फ्रेमच्या वेळेवरून काढायचा: एक वजा, ई चा ऋण (फ्रेमचा वेळ भागिले कालांक) इतका घात. मी कालांक ८० मिलिसेकंदांपासून सुरू करतो. तेव्हा ६० फ्रेमवर हिस्सा ०.१९ येतो, १२० फ्रेमवर ०.१०, आणि दोन्हीकडे हाताला सारखंच जाणवतं. या कालांकाला १० हर्ट्झचा कंप पाचव्या हिश्श्यावर येतो, पण मुद्दाम केलेली हालचाल मागे पडत नाही. पुढे कधी थेट अँड्रॉइडवर लिहिलंस तर तिथे आणखी एक जागा आहे. सेन्सरची नोंदणी करताना 'नॉर्मल' वेग मागितला तर २०० मिलिसेकंदांनी एकदा आकडा येतो आणि 'गेम' मागितला तर २० मिलिसेकंदांनी. कितीही चांगला फिल्टर लावला तरी २०० वर काही होत नाही.

फिल्टरनंतर उरलेली चुळबुळ डेड झोनने मारायची. शून्याच्या दोन्ही बाजूंना अडीच अंशांत कल शून्यच धरायचा. पण अडीच अंश ओलांडल्या ओलांडल्या एकदम अडीच अंशांचा वेग दिलास तर मणी गचका खाऊन सुटेल. म्हणून कोनातून अडीच वजा कर आणि उरलेल्या पट्ट्याला भाग. कमाल कल २२ अंश धरलास तर (कोन वजा २.५) भागिले १९.५. शून्यापासून एकपर्यंत सलग आकडा मिळेल. २२ अंशांपलीकडे मोजू नकोस. तेवढं कलवल्यावर माणसाची मान वाकायला लागते आणि स्क्रीनवर ट्यूबलाइट चमकते. मग या आकड्याचा दीड घात घे: अर्ध्या कलाला ०.३५ वेग आणि पूर्ण कलाला पूर्ण. त्यामुळे बारीक हालचालीला बारीक ताबा मिळतो.

हे अडीच, बावीस, दीड माझे सुरुवातीचे आकडे आहेत. तुझ्या मण्याचे वेगळे निघतील, आणि ते कागदावर निघत नाहीत. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, काढताना बघ कधीतरी. कारागीर तारा टेकतात त्या घोडीवरून कानस हलकेच फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा फिरवतो. तसंच करायचं: एका वेळी एकच आकडा, तोही किंचित, आणि लगेच खेळून बघायचं. दोन आकडे एकदम हलवलेस तर कशामुळे बिघडलं ते कळणार नाही.

उडी मारताना मणी भलतीकडे का जातो, याचं कारण लॅपटॉपवर कधीच सापडणार नाही. फोन आडवा धरून उजव्या अंगठ्याने स्क्रीनवर टकटक कर आणि कच्च्या आकड्यांचा आलेख बघ. प्रत्येक टकटकीला एक टोकदार खिळा दिसेल. अंगठा फोनला ढकलतो, फोनची उजवी कड क्षणभर खाली जाते आणि सेन्सर ते प्रामाणिकपणे नोंदवतो. म्हणजे नेमक्या उडीच्या क्षणी मण्याला उजवीकडे एक फुकटचा धक्का बसतो. डावखुरा खेळणारा असेल तर डावीकडे. उपाय सोपा आहे. बोट टेकल्यापासून सुमारे ७० मिलिसेकंद कल गोठव, आधीची गाळलेली किंमतच वापर, आणि मग हळूच नव्या किमतीवर ये. शिवाय एकूण त्वरणाची लांबी बघत राहा. ती ९.८ पासून पंधरा-वीस टक्क्यांहून जास्त हलली म्हणजे फोनला कुणीतरी झटका दिलाय. त्या फ्रेमचा कल विश्वासाचा नाही, सोडून दे. याच कारणाने फोन वर झटकून उडी मारायची कल्पना मी कुणाला करू देत नाही. उडीचा झटका आणि दिशेचा कल एकाच सेन्सरच्या एकाच आकड्यात येतात आणि एकमेकांचा घात करतात.

आता पलंगावरची मैत्रीण. ती पाठीवर झोपली असती तर बहुतेक चाललं असतं. कुशीवर झोपली असणार. कुशीवर असताना डोक्याच्या मानाने फोन सरळच असतो, पण गुरुत्व स्क्रीनच्या डाव्या किंवा उजव्या कडेकडे ओढतं. तुझ्या गेमला वाटतं की हिने फोन पूर्ण नव्वद अंश कलवलाय, आणि मणी पळत सुटतो. आकड्यांनी फसवलेलं नाही. शून्य चुकीच्या जागी धरलाय.

आधी एक गोष्ट तपास. एक्स म्हणजे स्क्रीनचा डावा-उजवा अक्ष, वाय खाली-वर आणि झेड स्क्रीनमधून बाहेर येणारा. कोन काढताना एक्सला वायने भागून आर्कटॅन (गुणोत्तरावरून कोन काढणारं फंक्शन) घेतेस का? तसं असेल तर फोन मांडीवर सपाट धरणाऱ्यालाही त्रास होतो, कारण तेव्हा गुरुत्व सगळं झेड अक्षावर जातं. एक्स आणि वाय दोन्ही शून्याजवळ येतात आणि त्यांच्या भागाकाराला अर्थ उरत नाही. त्याऐवजी एक्सला पूर्ण सदिशाच्या लांबीने भाग आणि आर्कसाइन घे. फोन उभा धरा, तिरपा धरा की सपाट धरा, डावी-उजवी कड किती खाली गेली एवढंच त्यातून येतं, आणि आपल्याला तेवढंच हवंय.

मग शून्य. लेव्हल सुरू होताना पडद्यावर 'तयार?' दाखव आणि मागे शांतपणे कल बघत राहा. अर्धा सेकंद तो दीड अंशाहून जास्त हलला नाही की त्या अर्ध्या सेकंदाची सरासरी काढ आणि तो शून्य मान. पॉझवरून परत येताना पुन्हा हेच. 'फोन टेबलावर ठेवा आणि ओके दाबा' अशी वेगळी पाटी कृपा करून देऊ नकोस. टेबलावर ठेवून कुणी खेळत नाही, त्यामुळे तो शून्य काही कामाचा नसतो. या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. स्वस्त सेन्सरमध्ये मुळातच ०.०५ जी चूक असली तरी कोन जवळजवळ ३ अंशांनी सरकतो आणि ती चूकही याच वजाबाकीत निघून जाते.

एवढ्याने बसलेला, टेकलेला, एका कोपरावर रेललेला खेळाडू सांभाळला जातो. कुशीवरच्या माणसासाठी एक पायरी जास्त. शून्य घेताना एक्सचा वाटा ०.६ जी पेक्षा जास्त दिसला तर समज की माणूस आडवा आहे. तेव्हा आर्कसाइन सोडून दे. स्क्रीनच्या सपाटीत गुरुत्वाचा बाण शून्याच्या वेळी कुठे होता आणि आता कुठे आहे, या दोन्हींतला कोन घे. स्टिअरिंगसारखा फोन फिरवला की तो बाण बरोबर फिरतो. हे लिहायला फारसा वेळ लागत नाही, आणि तुझी मैत्रीण झोपून खेळू शकेल. गेममध्ये स्क्रीनचं फिरणं मात्र एकाच दिशेला कुलूपबंद कर, नाहीतर ती कुशीवर वळल्याबरोबर चित्रच उलटंपालटं होईल.

खेळता खेळता माणूस घसरतो तेव्हा काय, हा पुढचा प्रश्न. शेजारचा सातवीतला मुलगा माझ्याकडे गेम तपासायला येतो. सुरुवातीला तो सोफ्यावर ताठ बसतो, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर. दुसऱ्या लेव्हलपर्यंत पाठ टेकते, तिसऱ्यात डावं कोपर सोफ्याच्या हातावर जातं आणि फोन सहा-सात अंश डावीकडे झुकतो. त्याला स्वतःला ते कळत नाही. तो म्हणतो, "काका, आता मणी डावीकडेच ओढतोय." यासाठी शून्य हळूहळू सरकू दे, पण फक्त मणी थांबलेला असताना आणि कल शून्याच्या आसपास चार-पाच अंशांत असतानाच. पळताना सरकू दिलास तर लांब सरळ रस्त्यावर फोन कलता धरणाऱ्याचा मणी आपोआप मंद होत जाईल आणि तो फोन आणखी आणखी कलवत बसेल.

शून्याचं हे भांडण नवं नाही, कलवून खेळायच्या गेमइतकंच जुनं आहे. निन्टेन्डोने २००० साली गेम बॉय कलर या हातातल्या यंत्रासाठी 'किर्बी टिल्ट अँड टंबल' काढला, तेव्हा कल मोजणारा सेन्सर गेमच्या खोचायच्या कार्ट्रिजमध्येच बसवला होता. पुढे गेम बॉय ॲडव्हान्स एसपी आलं आणि त्यात कार्ट्रिजची खाच खालच्या बाजूला गेली. कार्ट्रिज उलटं बसल्याबरोबर सेन्सरच्या दिशाही उलटल्या. गेम तोच, खेळाडू तोच, फक्त सेन्सरचं तोंड फिरलं आणि किर्बी उलटीकडे जायला लागला. आजही हे होतं. टेबलावर पाठीवर ठेवलेल्या अँड्रॉइड फोनचा झेड अक्ष अधिक ९.८ दाखवतो आणि आयफोन उणे १. एकक वेगळं आणि चिन्हही उलट. युनिटी हे बरंचसं सांभाळून घेते, पण बाहेरचं प्लगइन लावलंस तर आधी हेच तपास. २००४ साली 'वारियोवेअर ट्विस्टेड'ने वेगळा मार्ग काढला. त्यांनी कार्ट्रिजमध्ये जायरो बसवला. जायरोला गुरुत्व लागत नाही, त्यामुळे झोपून खेळलं तरी चालतं. त्याच वर्षी जपानमध्ये आलेला, निन्टेन्डोच्या योशी या पात्राचा गेम तुझ्या गेमला सगळ्यात जवळचा आहे, कारण तोही प्लॅटफॉर्म गेम आहे. यंत्र कलवलं की जगच कलतं, भिंतीवरून चालता येतं, गोळे घरंगळतात, टांगलेल्या वस्तू झुलतात. कलवणं तिथे चालवण्याचा दुसरा मार्ग म्हणून आलेलं नाही. कोडंच कलण्याचं आहे.

आणि माझ्या मते तुझ्या गेमचा खरा प्रश्न इथे आहे, फिल्टरमध्ये नाही. तुझ्या लेव्हल कीबोर्डसाठी आखलेल्या आहेत. कीबोर्डवर डावीकडून उजवीकडे वळायला एक बटण सोडून दुसरं दाबायचं, एक-दोन फ्रेमचं काम. मनगट पंधरा अंश डावीकडून पंधरा अंश उजवीकडे न्यायला पाव सेकंद सहज लागतो, वर फिल्टरचा उशीर. त्या वेळात मणी अरुंद फळीवरून पडलेला असतो. खेळाडूचा काही दोष नाही. तारेवर नेमकं थांबणं, लगोलग दिशा बदलणं, टोकावरून मोजून मारलेली उडी, ही सगळी बटणाची कसरत आहे. हाताला ती मागायची नाही.

हाताला काय चांगलं जमतं? वेग हळूहळू वाढवणं, उतारावर सोडून देणं, वळणावर किंचित रोखणं. म्हणून सपाट फळ्या काढ आणि त्यांना पोटात खोलगट कर, म्हणजे मणी मध्ये आपोआप स्थिरावेल. टोकांना छोटा उंचवटा दे. थांबण्याच्या जागी भिंत किंवा खळगा ठेव: बांधाची कड, बेदाण्याचा क्रेट, ठिबकची नळी. तुझ्या गावच्या बागेत हे सगळं आहे, काहीही ओढूनताणून आणायला नको. उडीतही सूट दे. फळीच्या टोकावरून मणी सुटल्यावर १५० मिलिसेकंदांपर्यंत उडी मान्य कर, आणि जमिनीला टेकण्याआधी तितक्याच वेळात बोट टेकलं असेल तरी ती उडी लक्षात ठेवून टेकताच मार. बटणाच्या गेमला १०० पुरतात, कलवण्याला थोडे जास्त लागतात.

इथे दोन गेम बारकाईने खेळून बघ. २००६ साली सोनीच्या पीएसपी या हातातल्या यंत्रावर आलेला 'लोकोरोको', त्सुतोमू कोनो यांची कल्पना. पीएसपीमध्ये कल मोजणारा सेन्सरच नव्हता. खांद्यावरची दोन बटणं दाबून अख्खं जग डावीकडे-उजवीकडे कलवायचं आणि दोन्ही एकदम सोडली की उडी. सेन्सर नसतानाही कलवल्याचा भास पूर्ण, कारण सगळ्या वाटा गोलाकार, उताराच्या, मऊ आहेत. तुझ्या गाईडना हवी असलेली बटणं कशी द्यायची, त्याचं उत्तरही इथेच आहे: डावी-उजवी चालण्याची बटणं देऊ नकोस, जग कलवण्याची दे. बटण दाबून धरलं की कल शून्यापासून पाव सेकंदात कमालीपर्यंत चढू दे. मग दोन्ही पद्धतींना एकच लेव्हल चालेल.

दुसरा २००९ चा 'डूडल जंप'. त्यात उडी आपोआप होते, खेळाडूकडे फक्त डावं-उजवं. डावीकडून बाहेर गेलं की उजवीकडून आत येतं, त्यामुळे जास्त कलवल्याची शिक्षाच नाही. कलवण्याला न जमणारी प्रत्येक गोष्ट त्यांनी गेममधूनच काढून टाकली, म्हणून तो इतका चालला असं मी मानतो.

लोकोरोकोची एक गोष्ट मात्र उचलू नकोस. तिथे यंत्र स्थिर असतं, म्हणून चित्र फिरवावं लागतं. तुझ्याकडे फोनच फिरतोय. त्यात कॅमेराही फिरवलास तर कल दुप्पट दिसतो आणि दोन मिनिटांत मळमळायला लागतं. चित्र स्क्रीनला चिकटलेलंच राहू दे, फक्त फिजिक्समधल्या गुरुत्वाचा बाण फिरव. त्यात खऱ्या जगाचा आकडाही टाकू नकोस. भरीव गोळा उतारावर घरंगळताना गुरुत्वाच्या ओढीचा पाच-सप्तमांश त्वरण घेतो. पंधरा अंशांवर ते सुमारे १.८ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं. या हिशोबाने १४ सेंटिमीटरचा पडदा मणी ०.४ सेकंदांत ओलांडून जाईल, म्हणजे डोळ्याला दिसेपर्यंत गायब. इथे खरेपणा उपयोगाचा नाही. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दीड-दोन सेकंद लागतील असा वेग लाव आणि पोत, आवाज, मणी दबल्यासारखा होणं यांतून वजन जाणवू दे.

बसचं मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडची पोरं गेम एसटीतच जास्त खेळतात. कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात बस ताशी २५ किलोमीटरने २५ मीटर त्रिज्येच्या वळणावर असली तर आडवं त्वरण जवळपास १.९ येतं. सेन्सरला ते ११ अंशांचा कल वाटतं. तुझ्या २२ अंशांतले निम्मे बसनेच खाल्ले. फिल्टरने हे जात नाही, कारण वळण काही सेकंद टिकतं. जायरो घेतला तर तो बसचं वळणंही मोजतो. यावर सॉफ्टवेअरमध्ये स्वच्छ उपाय नाही. पॉझच्या पडद्यावर 'कलवून / बटणांनी' असा मोठा, एका बोटात बदलणारा पर्याय ठेव. तो सेटिंगच्या तिसऱ्या पानावर लपवू नकोस. ज्यांचा हात कापतो, ज्यांना एकाच हाताने खेळावं लागतं, त्यांनाही तोच पर्याय लागतो.

बारीकसारीक गोष्टी भराभर सांगतो. कलवण्याच्या गेममध्ये माणूस बराच वेळ स्क्रीनला हात लावत नाही, त्यामुळे फोन झोपी जातो. खेळ चालू असताना स्क्रीन जागी ठेवण्याची सूचना दे आणि मेनूत आल्यावर ती काढून घे, बॅटरी वाचेल. लेव्हल मिनिटा-दीड मिनिटाच्या ठेव, मनगट दुखतं. युनिटीची नवी इनपुट सिस्टीम वापरत असशील तर सेन्सर आपणहून चालू होत नाही, तो सुरू करावा लागतो. काही फोनवर मणी अजिबातच हलला नाही तर आधी हेच बघ.

तपासायची पद्धत मात्र नीट लाव, कारण दर वेळी फोनवर बिल्ड टाकून खेळत बसलीस तर महिना त्यातच जाईल. गेममध्ये एक लपवलेलं बटण ठेव. ते दाबलं की दर फ्रेमचा कच्चा एक्स, वाय, झेड, वेळ आणि बोट टेकलं का, एवढं एका फाइलमध्ये लिहिलं जाईल. मैत्रिणीला पलंगावर, भावाला त्याच्या फोनवर, आजीला आरामखुर्चीत खेळायला दे आणि त्या फाइली लॅपटॉपवर आण. एडिटरमध्ये सेन्सरच्या जागी त्या परत चालव. आता फिल्टरचा आकडा बदलून तोच हात, तीच टकटक, तीच चुळबूळ पुन्हा पुन्हा बघता येते. पडद्यावर दोन रेषा काढ, कच्चा कल लाल आणि गाळलेला हिरवा. हिरवी रेषा लालच्या किती मागे पडते ते डोळ्यांनी दिसलं की निम्मी वादावादी संपते.

यासाठी नवा फोन घेऊ नकोस. भावाचाच फोन ठेव, तो सगळ्यात उपयोगी आहे. त्याच्यावर बरं चाललं तर इतरांवर चालेलच. आणि व्हायवाच्या दिवशी एक लक्षात ठेव. परीक्षक फोन टेबलावरून उचलतात, तोपर्यंत 'तयार?' संपून गेलेलं असतं आणि शून्य टेबलाचा पडतो. म्हणून अर्धा सेकंद स्थिर राहण्याची अट बोट टेकल्यानंतरच मोजायला सुरुवात कर: 'फोन हातात धरा आणि टेकवा' एवढंच लिही, आणि कोपऱ्यात शून्य पुन्हा घेण्याचं एक छोटं बटण कायम दिसू दे.